मोठ्यांचं नाव

॥ श्री ॥

मु. निंबटेक, पो. केनवड, ता. वाशीम
६ सप्टेंबर १९५९

ती. दादास प्रयागचा वाकून नमस्कार, वि. वि.

तुझं कार्ड पोळ्याच्या दिवशी आलं. बैल सजवायच्या गडबडीत ते ह्यांच्या खिशातच राहिलं आणि सदरा धुताना मला सापडलं. त्यामुळे अर्धं कार्ड मी वाचलं आणि अर्धं पाण्यात गेलं. वहिनीच्या खोकल्याचं काय झालं ते गेलेल्या अर्ध्यात असावं. ते तेवढं पुन्हा लिही.

इकडची बातमी अशी, की तुझी बहीण पंच झाली. हसू नकोस. नव्या कायद्यानं गावाला पंचायत आली आहे, आणि तीत दोन बायका घ्याव्याच लागतात म्हणे. ह्यांचे थोरले भाऊ, आमचे मोठे, त्यांनी ओसरीवर बसून पान लावता लावता सातही जागा वाटून टाकल्या. एक स्वतः, एक भाऊबंद, एक दुकानदार वाणी, हे तीन घरचे. खालच्या वस्तीतला एक घेतला म्हणजे ती वस्ती कुरकुर करत नाही. बंजारा तांड्याचे हेमसिंग नायक घेतले म्हणजे तांडा मुठीत राहतो. उरल्या बायका. त्यांत तांड्यातली रुपाबाई आणि घरातली मी. बाईले काय करा लागते, म्हणाले, सही करा लागते, थे तिले येते. दुसऱ्या कोणी अर्जच भरला नाही, तेव्हा निवडणूक बिनविरोध. हा शब्द मोठ्यांना इतका आवडतो, की म्हणताना तोंडात पेढा असल्यासारखे थांबतात.

मला कोणी विचारलं नाही. जाऊबाईंनी कणीक मळता मळता सांगितलं, आणि त्यांनाही ते गोठ्यातल्या गड्याकडून कळलं होतं.

सरपंच अजून निवडायचा आहे, पण मोठेच होणार हे लहान पोरही सांगेल. गावाला सरकारातून एक सार्वजनिक विहीर मिळणार आहे, आणि तिची जागासुद्धा त्यांनी ठरवून ठेवली आहे. आमच्या संत्र्याच्या बागेला लागून! तांड्यापासून ती जागा इतकी लांब, की तिथवर जाऊन घागर आणायची तर घरी येईपर्यंत पुन्हा तहान लागावी.

दादा, हे मला हसण्यावारी नेता येत नाही. उन्हाळ्यात नाल्यातले झिरे आटले, की तांड्याच्या आणि खालच्या वस्तीच्या बाया आमच्या विहिरीवर येतात. त्यांनी दोर टाकायचा नाही, घरच्या बाईनं ओढून वरून ओतायचं, असं इथलं वळण. घरची बाई म्हणजे धाकटी सून, म्हणजे मी. त्या उन्हात ताटकळतात आणि मी ओढत बसते. हात तर सोलून निघतातच, पण त्यांच्याकडे बघायची मला लाज वाटते. रुपाबाईची आणि माझी ओळख तिथलीच. विहीर तांडा आणि खालची वस्ती यांच्या मधे कुठे तरी व्हावी, पंच म्हणून माझी एवढी एकच इच्छा आहे. पण सहीला इच्छा कोण विचारतो?

वहिनीला नमस्कार. लोभ आहे तसा राहू दे, कमी झाला तर मी कामरगावला येऊन मागून नेईन.

तुझी
प्रयाग

————

कामरगाव
१४ सप्टेंबर १९५९

चि. सौ. प्रयाग हीस शालिग्रामचे अनेक आशीर्वाद.

पंचबाई झाल्याबद्दल अभिनंदन. तुझं पत्र मी शाळेत मास्तरांच्या खोलीत वाचून दाखवलं. एक जण म्हणाले की सात माणसं पान लावता लावता निवडली याला काही लोकशाही म्हणत नाहीत. दुसरे म्हणाले, आमच्या गावी पानसुद्धा नव्हतं.

मी मुलांना नागरिकशास्त्र शिकवतो, त्यात लिहिलेलं असतं की सत्ता लोकांची. मुलं पाठ करतात आणि घरी जाऊन पाटलाला रामराम करतात. मी तरी काय वेगळं करतो? तू मात्र सहीपुरती राहू नकोस. कधी तरी तोंड उघड. पण जपून, कारण त्या घरात तोंड उघडल्याची किंमत तू एकदा दिली आहेस.

आठवतं ना? लग्नाच्या पहिल्याच वर्षी टपालवाला पाकीट घेऊन आला. दाराशी दुसरं कोणी वाचणारं नव्हतं, म्हणून तू दारातून पाकिटावरचं नाव मोठ्यानं वाचलंस, जगदेवराव. जावईबापूंचे थोरले भाऊ, तुझे भासरे, तेव्हा जेवत होते. सून भासऱ्याचं नाव घेते म्हणजे घर बुडालं, असं म्हणून त्यांनी ताट सारलं, आणि तुला तुळशीपुढे शपथ घ्यायला लावली, की हे नाव पुन्हा ओठांवर येणार नाही. मी तुला आणायला निघालो होतो, तूच नको म्हणालीस. तेव्हापासून तुझ्या पत्रांत ते नुसते ‘मोठे’ आहेत आणि जावईबापू नुसते ‘हे’. उद्या कोणा परक्याच्या हाती तुझी पत्रं पडली, तर त्याला वाटेल निंबटेकला पुरुषांची बारशीच होत नाहीत.

खोकला बरा आहे. कळावे, आणि पुढचं पत्र धुण्यात टाकण्याआधी वाचावे.

तुझा
दादा

ता. क. वन्सं, मी ललिता. हे लोकशाहीबद्दल खूप बोलतात. येत्या दिवाळीला कोणाला बोलवायचं ते यांनी परवाच ठरवलं, कोणाला नाही तेही यांनीच ठरवलं. आमच्याकडेही सगळं बिनविरोधच असतं.

————

॥ श्री ॥

निंबटेक
१४ ऑक्टोबर १९५९

ती. दादास प्रयागचा नमस्कार, वि. वि.

दसऱ्याचं सोनं पाकिटात घातलं आहे. चुरा झालं असेल तर चुराच वहिनीच्या हातावर ठेव.

काल सरपंचाची निवड झाली. आता खाली बस आणि मग वाच.

सभा खरं तर चावडीत व्हायची, पण घरची सून चावडीत कशी येईल, म्हणून मोठ्यांनी ती आपल्याच ओसरीवर ठेवली. वाशीमहून आलेले साहेब तरुण होते, चष्मा लावणारे. त्यांना पुरणाचा वास आला आणि त्यांनी लगेच होकार दिला. मी माजघरात दाराआड बसले, कारण भासऱ्यांसमोर यायचं नाही. रुपाबाई मात्र ओसरीच्या कडेला आपला भिंगांचा घागरा पसरून बसली होती. तिला आमच्या घरच्या माणसांचा पडदा नाही.

मोठ्यांचं नाव सुचवून झालं आणि सगळे उठायला लागले, तर खालच्या वस्तीतल्या पंचानं हेमसिंग नायकांचं नाव पुढे केलं! उठलेला वाणी पुन्हा खाली बसला. मोठे हसले. म्हणाले, होऊन जाऊ द्या बाप्पा, आता राज्य लोकाईचं हाय. त्यांचा हिशेब सरळ होता. घरचे तीन, आणि चौथी मी.

साहेबांनी हात वर करायला सांगितले. तीन इकडे, तीन तिकडे. मोठे दाराकडे न बघता म्हणाले, आतला हात मोजा आन् कागद मिटवा. मी हात बाहेर काढणार, तेवढ्यात रुपाबाईनं साहेबांना विचारलं, की सायेब, आत सैपाकाले इतक्या बाया हायेत, साऱ्याईच्या हातात बांगड्या हायेत, दारातून आलेला हात कोनाचा हाय थे तुमाले कसं समजन? साहेबांनी चष्मा पुसला. खरंच की, म्हणाले. हात नको, बाईंनी आतून नाव सांगावं, मी ऐकून लिहीन.

मोठे म्हणाले, सांगते ना, कायले नाई सांगन?

दादा, खरं सांगते, ओसरीवरच्या एकाही पुरुषाच्या डोक्यात उजेड पडला नाही. आतल्या बायकांच्या मात्र तेव्हाच पडला. जाऊबाईंनी लाटणं ठेवलं आणि पदराचा बोळा तोंडात कोंबला.

साहेबांनी विचारलं, बाई, कोण? मी म्हटलं, मोठे. ते म्हणाले, गावात मोठे पुष्कळ असतात, नाव पाहिजे. मी म्हटलं, घरचे. ते म्हणाले, हे मी कागदावर कसं लिहू? मग मी सांगितलं, की साहेब, तुम्हाला पाहिजे ते नाव माझ्या भासऱ्यांचं आहे. ते न घेण्याची मी तुळशीपुढे शपथ घेतली आहे, ती त्यांनीच घ्यायला लावली आहे, आणि ते तुमच्या शेजारी बसले आहेत, त्यांनाच विचारा.

आता मोठ्यांची पंचाईत झाली. शपथ मोड म्हणावं, तर सगळ्या गावासमोर स्वतःचंच वळण मोडायचं. न म्हणावं, तर सरपंचकी जायची. ते नुसते खाकरत राहिले. पोळ्या निवत होत्या. शेवटी साहेब कंटाळून म्हणाले, बाई, या दोघांपैकी तुम्हाला कोणाचं नाव घेता येतं? मी म्हटलं, हेमसिंग नायकांचं येतं. हेमसिंग. त्यांनी लिहून टाकलं.

यात माझी काय चूक झाली ते तूच सांग. आदल्या दिवशी रुपाबाईचं आणि माझं विहिरीवर काय बोलणं झालं ते मात्र विचारू नकोस. बायका विहिरीवर पाण्याचंच बोलतात.

इतकं लिहिलं ते हसत लिहिलं, पण आता भीती वाटते आहे. कालपासून जाऊबाईंशिवाय घरात माझ्याशी कोणी बोललेलं नाही. हे म्हणाले की तू बरोबर केलंस की चूक ते मला ठरवता येत नाही, फक्त ते ठरवायला मला मोठ्यांसमोर उभं करू नकोस. मला माहेरी धाडायचं बोलणं चाललं आहे, आणि ते दिवाळीपुरतं नाही. मी तुझ्याकडे सुखानं येईन दादा, पण अशी हाकललेली येणार नाही. आणि मी गेले तर विहीर बागेतच जाईल.

हे पत्र रुपाबाई केनवडच्या बाजारात पेटीत टाकेल. उत्तर जरा जपून लिही, आणि माया तेवढी उघडपणे कर.

तुझी
प्रयाग

————

॥ श्री गजानन प्रसन्न ॥

निंबटेक
१७ ऑक्टोबर १९५९

रा. रा. शालिग्राम मास्तर यांस जगदेवराव यांचा रामराम, वि. वि.

पत्र लिहिण्यास कारण की, आपल्या भगिनीने भर सभेत आमचे नाव घेण्याचे नाकारून आमचे नाव घालवले. आमच्या घराण्यात पाटीलकी तीन पिढ्या चालत आली. तीन पिढ्यांत गावात कोणाला मत विचारण्याची वेळ आली नाही, इतका एकोपा होता. आम्ही प्रत्येक वस्तीला आपण होऊन जागा दिली. दिलेल्या जागेवर बसून लोक आम्हालाच हात दाखवतील अशी कल्पना नव्हती.

तांड्याच्या नायकाशी आमचे वैर नाही. त्याचे वडील आमच्या वडिलांसमोर पायरीखाली बसत. आता आम्ही कोठे बसावे हा प्रश्न आहे.

धाकट्या भावाच्या बायकोशी आम्ही बोलत नाही, म्हणून हे आपल्यामार्फत कळवीत आहोत. विहिरीच्या जागेचा ठराव लवकरच यावयाचा आहे. तेव्हा पुन्हा नावाचा घोळ झाल्यास आम्हास खपणार नाही. तिला समज द्यावी. ते होत नसल्यास येऊन घेऊन जावे व समज येईपर्यंत ठेवून घ्यावे. आपण शिकलेले आहात, अधिक लिहिणे नलगे.

आपला
जगदेवराव

————

कामरगाव
२३ ऑक्टोबर १९५९

तीर्थस्वरूप जगदेवराव यांचे सेवेशी शालिग्रामचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

आपले पत्र वाचून मान खाली गेली. आमच्या मुलीने आपला शब्द मोडला असता, तर मी त्याच दिवशी गाडी जुंपून आलो असतो. पण तिने आपला शब्द पाळला, ही खरी अडचण आहे. शपथ आपण घातली. आपण आज्ञा दिली आणि तिने ती सरपंचकीपेक्षा मोठी मानली. अशी सून घरातून काढली, तर लोक म्हणतील की पाटलांच्या घरी आज्ञा पाळणाऱ्याला थारा नाही.

उपाय आपल्याच हातात आहे. शपथ ज्याने घातली त्यालाच ती सोडवता येते. पण तोंडी निरोपावर ती विश्वास ठेवायची नाही, भित्री आहे. आपले नाव घेण्याची मोकळीक आपण आपल्या अक्षरात कळवावी. मी ती तिला लिहून समजावीन. शिवाय दाराआडचा हात कोणाचा, हा वाद पुन्हा निघू नये म्हणून ती सभेत समोर बसलेली बरी, असे अल्पमतीस वाटते. मग आपले मत कोठे जाते, यात शंका राहणार नाही.

वडिलांसारखे आहात, रागासकट माया ठेवावी.

आपला नम्र
शालिग्राम

————

॥ श्री गजानन प्रसन्न ॥

निंबटेक
२८ ऑक्टोबर १९५९

रा. रा. शालिग्राम मास्तर यांस रामराम.

आपले म्हणणे रास्त आहे. या पत्रान्वये आम्ही तिला शपथेतून मोकळे करीत आहोत. आमचे नाव घेण्यास आमची हरकत नाही. प्रत्येक सभेत घ्यावे, मोठ्याने घ्यावे, सर्वांना ऐकू जाईल असे घ्यावे. तोंडावर पदर घेऊन पंचांत समोर बसावे. यास आमची संमती कायमची समजावी.

दिवाळीला तिला नेऊ नये. सभा जवळ आहे, ती येथे पाहिजे.

जगदेवराव

————

॥ श्री ॥

निंबटेक
१५ नोव्हेंबर १९५९

ती. दादास प्रयागचा नमस्कार, वि. वि.

भाऊबीजेला ओवाळायला तू नव्हतास, म्हणून चंद्राला ओवाळलं आणि तुझ्या वाटणीचा अनारसा मीच खाल्ला. ओवाळणी पाठवून दे.

शपथ सुटल्याचं तुझं पत्र ह्यांनी दिवाळी सरता सरता आणून दिलं. काय लिहिलंस तू मोठ्यांना! ज्या घरातून मला हाकलायचं चाललं होतं, तिथे आता मला जपतात. जाऊबाई सांगतात की थंडीचा घसा बसतो, दूध घे. हे सगळं एका नावासाठी. संध्याकाळी मोठे ओसरीवर असले की जाऊबाई मुद्दाम मोठ्यानं म्हणतात, म्हन माय, शिकून घे. मग मी स्वैपाकघरातून त्यांचं नाव घेते आणि ते बाहेर नुसते हूं करतात. पहिल्या दिवशी तोंडातून ‘मोठे’च बाहेर पडलं, सात वर्षांची सवय आहे. जाऊबाईंनाही मोह झाला. त्यांनी नवऱ्याचं नाव रिकाम्या रांजणात तोंड घालून घेतलं. रांजण घुमला आणि आम्ही दोघी जमिनीवर बसून हसलो.

आता दुसरी गोष्ट, ती हसण्यासारखी नाही. आपले हेमसिंग नायक सरपंच झाले आणि त्यांनी मालेगावहून खुर्ची आणली. ते खुर्चीवर बसतात आणि बाकीचे सतरंजीवर, खालच्या वस्तीतला पंच तर सतरंजीच्याही कडेला. विहिरीची जागा विचारली तर म्हणतात, सरपंच मी हाय, जागा मी पाहीन. त्यांनी पाहिलेली जागा त्यांच्या घरासमोरची आहे! म्हणजे तांड्यातल्या बायकांना बरं, पण खालच्या वस्तीनं पुन्हा कोणाच्या तरी अंगणात घागर घेऊन उभं राहायचं. रुपाबाई बोलायला गेली, तर तिला म्हणाले, तुले काय समजते, तू सही कर. रुपाबाईनं हे मला विहिरीवर सांगितलं. हे वाक्य मी पूर्वी ऐकलेलं आहे.

मला वाईट वाटलं दादा. वाटलं, एवढं करून एक ओसरी बदलली फक्त. तुझ्या पुस्तकात याचं काही लिहिलं आहे का?

हे बरे आहेत. माया करत जा, तिला मंजुरी लागत नाही.

तुझी
प्रयाग

————

कामरगाव
२२ नोव्हेंबर १९५९

चि. सौ. प्रयाग हीस अनेक आशीर्वाद.

पुस्तक उघडून पाहिलं. त्यात सरपंच कसा निवडावा ते आहे. तो खुर्चीत बसला म्हणजे काय करावं ते नाही. तुझ्या वहिनीला विचारलं. ती म्हणाली, वन्संना सांगा, हात कोणाच्या बाजूनं वर करायचा एवढंच कशाला बघायचं, कोणाच्या विरुद्ध तेही बघता येतं. मी इतकी वर्षं नागरिकशास्त्र शिकवतो आहे, आणि हे मला सुचलं नव्हतं. मग तिनं सांगितलं की आपल्या घरी तिला ते बरेचदा सुचतं, मी ऐकत नाही. आता ऐकायचं ठरवलं आहे. येत्या उन्हाळ्यात तिच्या माहेरी जायचं आहे, माझं मत विरुद्ध होतं, ते पडलं.

तुझ्या भासऱ्यांच्या पत्राची नक्कल सोबत पाठवतो. प्रत्येक शब्द नीट वाच. प्रत्येक सभेत, मोठ्यानं, सर्वांना ऐकू जाईल असं. कशासाठी घ्यावं, ते त्यांनी लिहिलेलं नाही. ते विसरले असतील.

काळजी वाटते, हे लपवत नाही. काही झालं तर गाडी जुंपलेलीच आहे असं समज. हाकललेली येऊ नकोस म्हणालीस, तर मी पाहुणा म्हणून येऊन बसेन आणि त्यांची संत्री संपवीन.

ओवाळणी सोबत आहे. अनारसा मात्र वसूल करीन.

तुझा
दादा

————

॥ श्री ॥

निंबटेक
९ डिसेंबर १९५९

ती. दादास आणि वहिनीस प्रयागचा नमस्कार, वि. वि.

काल विहिरीची सभा झाली. या वेळी चावडीत. साहेब तेच होते, त्यांनी आधी विचारून घेतलं की आज जेवण कोणाकडे आहे. मी पदर पुढे ओढून पंचांच्या रांगेत बसले, रुपाबाईच्या शेजारी. भासऱ्यांसमोर अशी मी जन्मात बसले नव्हते. समोर त्यांचे जोडे दिसत होते. बाहेर ओट्यावर तांड्याच्या आणि खालच्या वस्तीच्या बाया येऊन बसल्या होत्या. कापूस वेचायचा सोडून आल्या होत्या, काहींच्या ओटीत बोंडंही तशीच होती. जाऊबाईही आल्या. त्यांना मोठ्यांनीच आणलं होतं, मला धीर यावा म्हणून.

पहिला ठराव मोठ्यांचा. विहीर संत्र्याच्या बागेला लागून, जागा ते फुकट देणार. त्यांचे तीन हात वर झाले. मग ते साहेबांना म्हणाले, आमच्या सुनेले विचारा, आता थे नाव घेते. आणि चावडीभर असे बघू लागले, जणू पोर पाढे म्हणणार आहे.

मी उभी राहिले. परवानगीत लिहिलं होतं तसं, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. म्हटलं, जगदेवराव यांच्या ठरावाला माझा विरोध आहे.

दादा, इतकं साधं वाक्य होतं, पण म्हणून झाल्यावर माझे दोन्ही कान तापले. वाण्यानं हात खाली घेतला आणि पुन्हा वर केला. मोठे माझ्याकडे बघत होते. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा ते माझ्याकडे बघत होते. नायकांचे तीन हात आणि माझा, मिळून ठराव पडला.

नायक खुर्चीत हसले. म्हणाले, आता आपला ठराव घ्या, विहीर आमच्या दारासमोर. घरचे तिघे अर्थातच विरुद्ध गेले. मी बसलेच नव्हते. म्हटलं, हेमसिंग नायकांच्याही ठरावाला माझा विरोध आहे. मग रुपाबाई उठली. तिनं आपल्या नायकाकडे बघितलं. बांगड्या मागे सारल्या आणि हात वर केला. म्हणाली, नायक, सही येते मले, पन आज नाई करत. तांड्यात नायकाविरुद्ध बाईनं हात केलेला कोणी पाहिलेला नव्हता. ओट्यावरची एक बाई हसली आणि मग सगळ्याच हसल्या.

साहेबांनी विचारलं, मग करायची कुठे? रुपाबाई म्हणाली, नाल्याच्या अलीकडल्या हिवराच्या झाडाजवळ. तिथला झिरा चैत्रातही ओला राह्यते, तांडा एका अंगाले, खालची वस्ती दुसऱ्या अंगाले, आन् गावही दूर नाई. जागा सरकारी, अंगण कोणाचंच नाही. मी आणि खालच्या वस्तीतल्या पंचानं हात वर केले. आणि मग मजा झाली. विहीर नायकाच्या दारात जात नाही हे बघून मोठ्यांनी हात वर केला, त्यांच्यामागून त्यांच्या दोघांनी. पाटलाच्या बागेत जात नाही हे बघून नायकांनी केला. साहेबांनी सगळे हात मोजले, चष्मा वर सरकवला आणि म्हणाले, ठराव बिनविरोध मंजूर.

मोठ्यांचा आवडता शब्द, पण या वेळी त्यांच्या तोंडात पेढा दिसला नाही.

घरी येताना मला वाटलं, आता माझी गाठोडी दारात असतील. नव्हती. मोठे ओसरीवर बसून अडकित्ता चालवत होते. संध्याकाळी जाऊबाई आत आल्या, तोंड धरूनच आल्या. सांगू लागल्या, की मोठे सुपारी कातरता कातरता म्हणाले, आवाज मात्र पाटलाच्या घरचा हाय. दादा, मला रडू आलं. त्यांचा राग मी सहन केला असता, पण यासाठी मी तयार नव्हते. हे जवळच होते. त्यांनी मला पाणी आणून दिलं, स्वतः विहिरीवरून ओढून. गावात कोणी पाहिलं असेल तर पाहो.

पण जाऊबाईंचा निरोप तिथे संपला नाही. मोठ्यांनी पुढे असंही सांगितलं आहे, की आपलं पहिलंच वळण बरं होतं. सुनेनं मोठ्यांचं नाव घेऊ नये, दाराआड बसावं, आणि ही मोकळीक आजपासून बंद समजावी. जाऊबाईंनी मला काय निरोप देऊ असं विचारलं. मी म्हटलं, सांगा, की आज्ञा डोक्यावर, पण संमती कायमची म्हणून त्यांनीच लिहून दिली आहे, आणि ती माझ्याजवळ नाही, कामरगावला आहे. जाऊबाई गेल्या आणि लगेच परत आल्या. हळूच म्हणाल्या, पुढच्या वेळी मले उभी कर, पन माह्यासाठी आधी अशीच चिठ्ठी लिवून घे.

तेव्हा दादा, ते मूळ पत्र पेटीत तळाशी ठेव, वाळवी लागू देऊ नकोस, आणि स्वतः जगदेवराव मागायला आले तर त्यांना चहा दे, संत्री दे, पण पत्र देऊ नकोस.

तुझी
प्रयाग, पंच